पाणदिवड पाण्यात दिसते, पण जगते काठावर

मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलं आहे: त्यांच्या प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात कटला-रोहूचं बीज सोडलेलं आहे आणि दोन वर्षांपासून तिथे पिवळसर अंगावर काळ्या चौकड्या असलेले साप दिसतात. जवळ गेलं की मान चपटी करून अंगावर येतात. हे साप विषारी आहेत का? मासे फस्त करतील का? सगळे धरून मोठ्या धरणात नेऊन सोडले तर चालेल का? आणि शेवटी, ओघात आल्यासारखं, त्यांनी लिहिलंय की दर उन्हाळ्यात यातले काही साप तळ्यातच मरून तरंगताना दिसतात; पाण्यातला साप पाण्यात कसा मरतो ते कळत नाही.

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तरात जास्त वेळ तिथेच थांबणार आहे. पण आधी ओळख पक्की करू, कारण सापाच्या बाबतीत ओळख चुकली की पुढचा सगळा सल्ला वाया.

वर्णनावरून हा साप पाणदिवड आहे. कुणी नुसतं दिवड म्हणतात, कुणी विरोळा. शास्त्रीय नाव फाउलिया पिस्केटर; जुन्या पुस्तकांत झेनोक्रॉफिस पिस्केटर असं सापडेल, तो हाच. रंगावर मात्र विसंबू नका. एकाच तलावात एक शेवाळी, एक हळदीसारखी पिवळी आणि एक अंगावर तांबूस छटा असलेली अशा तीन पाणदिवडी मी पाहिल्या आहेत. चौकड्यासुद्धा काहींवर ठसठशीत असतात, तर काहींवर इतक्या पुसट की अंग ओलं असतानाच दिसतात. खात्रीची खूण तोंडावर असते: डोळ्याखालून ओठाकडे उतरणारी एक काळी तिरपी रेघ आणि डोळ्याच्या मागून जबड्याच्या कोपऱ्याकडे जाणारी दुसरी. बाहुली गोल, डोळा मोठा. नाकपुड्या थोड्या वरच्या बाजूला, त्यामुळे सगळं अंग पाण्याखाली ठेवून नुसतं नाकाचं टोक वर काढून तिला श्वास घेता येतो. पाठीवरच्या खवल्यांना मधोमध बारीक कणा असतो, पोट पांढरट-पिवळसर आणि गुळगुळीत. बहुतेक पाणदिवडी दोन ते तीन फुटांच्या दिसतात, पण मोठी मादी पाच फुटांच्याही पुढे जाते आणि अंगाने चांगली जाड होते. अशी मादी पाहिली की लोक तिला घोणस समजतात.

घोणसही पाण्याजवळ येते आणि पोहतेसुद्धा, त्यामुळे 'पाण्यात आहे म्हणजे बिनविषारी' हा नियम धोक्याचा आहे. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगांत लंबगोल तपकिरी ठिपके असतात, डोकं त्रिकोणी, मान बारीक, शेपूट आखूड. नागही उत्तम पोहतो. पाणदिवड मान चपटी करते तेव्हा नवख्या माणसाला नागच वाटतो. फरक असा, की नाग अंगाचा पुढचा भाग सरळ उभा करून फणा काढतो आणि तसाच थांबतो. पाणदिवड जमिनीलगत राहते, मान रुंदावते आणि लगेच झेप घेते. खात्री नसेल तेव्हा तो साप विषारी आहे असं धरूनच लांब राहावं.

पाणदिवड बिनविषारी आहे. स्वभावाने मात्र तापट. धरली की चावते, पुन्हा चावते, आणि गुदद्वाराजवळच्या ग्रंथींतून असा उग्र वास सोडते की हात कितीही धुतला तरी संध्याकाळपर्यंत जात नाही. दात बारीक आणि मागे वळलेले असल्याने जखम खोल नसते, पण रक्त बराच वेळ येतं आणि माणूस घाबरतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. चावलेला साप नीट पाहिलेला नसेल तर घरी वाट पाहत बसू नका. आवळपट्टी न बांधता, जखम न कापता थेट सरकारी दवाखाना गाठा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पाणदिवडीला आपण पाण्यातला साप म्हणतो आणि तिथेच तिच्या घराबद्दलची समजूत अर्धवट राहते. ती शिकार पाण्यात करते आणि संकट आलं की पाण्यातच शिरते. पण श्वास हवेतला घेते, ऊन काठावर खाते, मोठा मासा काठावर ओढून आणून गिळते, दिवसा-रात्री लपते ती काठावरच्या बिळांत आणि अंडी घालते ती काठाच्या मातीत. तिचा अधिवास शोधायचा असेल तर पाण्याच्या मधोमध पाहू नका. पाणी संपून जमीन सुरू होते तो दोन-चार मीटरांचा पट्टा पाहा. एखाद्या तलावात दिवड टिकेल की नाही हे मी पाण्याच्या खोलीवरून कधीच ठरवत नाही, काठ पाहून ठरवतो.

चांगला काठ म्हणजे कसा, हे पाहायचं असेल तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे जुने मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळात बांधलेले गावतलाव, पाहावेत. एका बाजूला मातीची उंच पाळ, आणि समोरच्या बाजूला पाणी हळूहळू उथळ होत शेतात मिसळून जातं. त्या उथळ बाजूला गवत, लव्हाळा, कमळाची पानं, मध्येच एखादं अर्धवट बुडालेलं झुडूप. पावसाळ्यात पाणी पसरतं तसा काठ पुढे सरकतो, उन्हाळ्यात मागे येतो आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीला भेगा पडतात. बेडूक अंडी घालतात ते या उथळ पाण्यात. बेडकांची पिल्लं आणि लहान मासे असतात तेही इथेच. पाणदिवडीचं नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम 11 सेंटिमीटरचं असतं. त्याला खोल पाणी काय कामाचं? त्याला बेडकांची पिल्लं आणि पाणकिडे लागतात, आणि बगळ्याची नजर चुकवायला गवत लागतं. खोल पाण्यात त्याची वाट पाहत मरळ हा शिकारी मासा बसलेला असतो.

भातखाचराचा बांध, दगडी कोरड्या बांधणीची जुनी विहीर, ओढ्याच्या डोहालगतची करंजाची मुळं, कालव्याचं दगडी पिचिंग: या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे फटी. खेकड्यांनी आणि उंदरांनी केलेली बिळं तर पाणदिवडीसाठी तयार घरंच. ओढा आटला की ती अशाच बिळांत आणि काळ्या मातीच्या खोल भेगांत तग धरते आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर अचानक सगळीकडे दिसू लागते. त्या रात्रींत ती एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे जाते, म्हणून शेत आणि ओढा यांच्यामधून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर सकाळी चिरडलेल्या पाणदिवडी दिसतात.

विहिरीला सिमेंटच्या कड्या बसल्या, कालव्याला काँक्रीटचं अस्तर आलं की पाणी तेवढंच राहतं, कदाचित वाढतंही. फटी मात्र जातात. तलावातला गाळ काढताना यंत्राने कडा उभ्या कापल्या तरी तेच होतं. गाळ काढायला माझा विरोध नाही, गाळाने भरलेला तलाव कुणाच्याच उपयोगाचा नसतो. पण पोकलेनवाल्याला आधीच सांगून ठेवावं की एका बाजूचा उतार जसा आहे तसा राहू दे आणि गाळ तिकडून काढू नकोस. काठावर बेशरमाची झुडपं माजू देणं हाही त्याच पट्ट्याचा ऱ्हास आहे. बेशरमाच्या दाट गर्दीत देशी गवतं आणि पाणवनस्पती मरतात, बेडूक कमी होतात, आणि बेडूक गेले की दिवडही जाते.

आता तुमच्या तळ्यातले मेलेले साप. पाणदिवड बराच वेळ श्वास रोखून पाण्याखाली राहू शकते, पण तिला विश्रांतीसाठी बाहेर येणं भागच आहे. प्लास्टिक अस्तराच्या तळ्याच्या बाजू तिरप्या असतात, अस्तराचा प्लास्टिकचा कागद गुळगुळीत असतो आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. साप सरपटतो तो जमिनीच्या खडबडीतपणाला अंग रेटून. इथे रेटायला काहीच नाही. भरलेल्या तळ्यातून तो बाहेर पडू शकतो, कारण काठ हातभरच वर असतो. मार्च-एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की तीच चढण दोन-तीन माणूस उंचीची होते, वरून काळा कागद उन्हात असा तापतो की त्यावर अंग टेकवत नाही. मग साप भिंतीच्या कडेकडेने पोहत राहतो, कोपऱ्यात येऊन वर चढायची धडपड करतो, घसरतो, पुन्हा पोहतो. शेवटी दमून बुडतो. तुम्हाला तरंगताना दिसतात ते हेच. बेडूक, घोरपडीची पिल्लं, ससे, रात्री पाणी प्यायला आलेलं कोल्ह्याचं पिल्लू असे अनेक प्राणी याच पद्धतीने मरतात, आणि अशा तळ्यात माणसंही बुडाली आहेत.

उपाय सोपा आहे, आणि तो उन्हाळा लागायच्या आत करायचा. जाड काथ्याचा दोर घ्या, त्याला हात-दीड हातावर मोठ्या गाठी मारा आणि चारही कोपऱ्यांत एकेक असा सोडा की वरचं टोक काठावरच्या खुंटीला पक्कं बांधलेलं असेल आणि खालचं टोक पाणी सर्वांत कमी असतानाही पाण्यात राहील. कोपऱ्यातच का, तर अडकलेला प्राणी कडेने पोहत शेवटी कोपऱ्यातच येतो. त्याहून बरं म्हणजे वाळू भरलेली गोणपाटाची छोटी पोती एकाखाली एक शिवून त्यांची माळ दोरासोबत सोडणं. गोणपाटावर सापाची पकड चांगली बसते आणि सशालाही चढता येतं. पाण्यात एखादी लाकडी फळी किंवा बांबूचा तराफा तरंगत ठेवला तर दमलेल्या प्राण्याला रात्रभर आधार मिळतो. गोणपाट कुजतं, दर वर्षी बदलावं लागतं, आणि कागदाला घासू नये म्हणून पोत्यात खडे न घालता वाळूच घालायची.

त्या जागी मासेमारीचं जुनं जाळं मात्र सोडू नका. कुणीतरी हा सल्ला देईल, कारण जाळं फुकट मिळतं. नायलॉनच्या जाळ्यात अडकून मेलेल्या पाणदिवडी मी जितक्या पाहिल्या आहेत तितक्या काठीने मारलेल्याही पाहिलेल्या नाहीत. सापाचे खवले मागे वळलेले असतात. डोकं जाळ्याच्या आसातून, म्हणजे छिद्रातून, आत गेलं, अंगाचा जाड भाग आला की तो अडकतो. मागे सरायला गेला की दोरा खवल्यांखाली शिरतो. पुढेही नाही, मागेही नाही. जाळं पाण्याखाली असेल तर तिथेच गुदमरतो. पक्षी येऊ नयेत म्हणून लावलेली जाळी किंवा कुंपणाची शेडनेट जमिनीवर सैल लोळत असेल तर तीही असाच जीव घेते. जाळी ताणून बांधा आणि खालची कड मातीत पुरा, म्हणजे हा त्रास होणार नाही.

अडकलेला जिवंत साप सापडला तर ओढून काढू नका. पाणदिवड आहे याची पूर्ण खात्री आणि हाताळण्याची सवय असेल तरच हात लावा, नाहीतर सर्पमित्राला बोलवा किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आम्ही काय करतो ते सांगतो. आधी सापाच्या आजूबाजूचं जाळं कापून तो जाळ्याच्या तुकड्यासह वेगळा करतो, म्हणजे त्याला ताण बसत नाही. डोक्यावर जाड ओलं कापड टाकतो. अंधारात तो बराच शांत होतो. मग बोथट टोकाच्या लहान कात्रीने अंगापासून सुटलेला दोरा आधी आणि खवल्यांत रुतलेला शेवटी, असा क्रम ठेवतो. फार रुतलेल्या दोऱ्याला कात्रीपेक्षा नेलकटर उपयोगी पडतो. शेवटी बोट मानेपासून शेपटीपर्यंत उलटसुलट फिरवून पाहायचं. एक दोरा राहिला तरी तो पुढे अंगात रुतत जातो आणि जखम चिघळून साप काही आठवड्यांनी मरतो. शेपटीला धरून तर कधीच उचलायचं नाही. पाणदिवडीची शेपटी झटापटीत तुटू शकते, आणि पालीसारखी ती पुन्हा येत नाही.

मासे. होय, पाणदिवड मासे खाते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ती तेवढीच बेडूकही खाते, आणि तिच्या तोंडात काय मावतं याला मर्यादा आहे. नुकसान होतं ते बीज बारीक असताना. तेव्हा मत्स्यबीज थेट तळ्यात न सोडता आधी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, वाढवा आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, झाल्यावर सोडा. बगळे, धीवर (खंड्या पक्षी), मरळ यांच्यापासूनही बीज तेवढ्याने वाचतं. पाव किलोच्या पुढे गेलेल्या कटल्याकडे पाणदिवड ढुंकूनही पाहत नाही. आणखी एक गोष्ट तपासा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात का? दिसत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडतोय. असे अर्धमेले मासे कडेला येतात, साप त्यांना धरतो, सकाळी तुम्ही सापाच्या तोंडात मासा पाहता आणि मासे सापामुळे कमी झाले असं वाटतं. तिथे साप हटवून काही होणार नाही. खाद्य कमी करावं लागेल, ताजं पाणी सोडावं लागेल.

धरणात नेऊन सोडण्याला माझा स्पष्ट नकार आहे. वर काठाबद्दल जे लिहिलं त्यावरून कारण लक्षात आलंच असेल. आपल्या तळ्याभोवतीची बिळं, उन्हाची जागा, बेडकांची खाचरं तिला माहीत आहेत. अनोळखी धरणाच्या उघड्या खडकाळ काठावर ती लपायला जागा शोधत भटकते, आणि भटकणारा साप घार, मुंगूस, सर्पगरुड आणि गाड्या यांच्या तावडीत लवकर सापडतो. जगभर सापांना रेडिओ ट्रान्समीटर लावून झालेल्या अभ्यासांत लांब नेऊन सोडलेले साप जास्त भटकतात आणि त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, असं वारंवार दिसलं आहे. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या सापाला संरक्षण आहे; मारणं, पकडून ठेवणं, मनाला येईल तिथे नेणं हा गुन्हा ठरतो. एकेकाळी कातड्यासाठी पाणदिवडी फार मोठ्या संख्येने मारल्या जात. आजही सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात भारताने हा साप परिशिष्ट 3 मध्ये नोंदवून ठेवला आहे. घरात किंवा पंपाच्या खोलीत शिरलेली पाणदिवड हलवावीच लागली, तर संध्याकाळी त्याच शिवारातल्या जवळच्या ओढ्याच्या गवताळ काठावर सोडावी, पाण्यात फेकू नये.

तुमच्या तळ्याला प्लास्टिक आहे आणि ते काढा असं मी म्हणणार नाही, कारण पाणी झिरपून गेलं तर पीक जाईल. पण तळ्याच्या बाहेर, सांडव्याचं पाणी जिथे उतरतं तिथे, एखाद्या गुंठ्याचा तुकडा मोकळा ठेवता येतो. गुडघाभर खोल, एका बाजूने अगदी सपाट उताराचा खड्डा, त्यात सांडव्याचं पाणी, कडेला शेतातून वेचलेल्या दगडांचा ढीग आणि न कापलेलं गवत. दगड मातीत घट्ट न बसवता एकावर एक सैल रचायचे. पहिल्याच पावसाळ्यात तिथे बेडूक येतील, आणि बेडकांमागोमाग पाणदिवडी मुख्य तळ्यातून तिकडे सरकतील. चारा संपला तरी त्या कोपऱ्यातलं गवत जाळू नका आणि तणनाशक तिथे पोहोचू देऊ नका. बेडकांची पिल्लं सगळ्यात आधी त्यानेच जातात.

बांधाची दुरुस्ती करताना किंवा तो दगडांचा ढीग हलवताना एकमेकांना चिकटलेल्या पांढऱ्या, मऊ कवचाच्या अंड्यांचा पुंजका दिसू शकतो. साधारण 30 ते 70 अंडी असतात, मोठ्या मादीची त्याहूनही जास्त. मादी जवळपासच, बहुतेकदा अंड्यांवरच असते आणि अशा वेळी ती हटत नाही, त्यामुळे हात घालू नका. ती स्वतःहून बाजूला झाली तर अंडी जशी आहेत तशीच, न फिरवता, त्याच ओलसर मातीने झाका आणि बांधाचा तेवढा भाग दोन महिन्यांनी दुरुस्त करा. बांधाचा तो तुकडा पडणारच असेल आणि अंडी हलवण्याशिवाय इलाज नसेल, तर वरची बाजू पेन्सिलने खूण करून तशीच वर ठेवून जवळच्याच सावलीच्या, पाणी न साचणाऱ्या जागी पुरावी लागतात. पण ते काम वनविभागाला कळवून, त्यांच्या माणसासोबतच करायचं.